पडून असलेल्या रंध्याचा इतिहास

मागच्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका ज्युनियरने सिनॉप्सिस वाचायला दिला. त्यात प्रश्नावली होती आणि पहिलाच प्रश्न होता, "आपण अवजारांची अदलाबदल करता का? होय/नाही." मला हसू आलं, कारण दोन वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न घेऊन धाराशिव जिल्ह्यात फिरत होतो. शब्दसुद्धा हेच. त्या प्रश्नाने माझं पहिलं फील्डवर्क पूर्ण वाया घालवलं, म्हणून आजची पोस्ट.

तर झालं असं. धाराशिव शहराबाहेर एक निवृत्त शिक्षक राहतात. आपण त्यांना सर म्हणू. घरामागे पत्र्याचं शेड, त्यात लाकडी बाक, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या करवती, पटाश्या, गुण्या. नातवंडांसाठी गाड्या, शेजाऱ्यांसाठी पाट, देव्हारे असं काहीबाही करत बसतात. पैसे घेत नाहीत. मी डायरी उघडून विचारलं, "सर, तुम्ही अवजारांची अदलाबदल करता का?" ते म्हणाले, "नाही बुवा, तसलं काही नाही." मी "नाही" लिहिलं आणि चहा पिऊन निघालो. निघताना लक्ष गेलं, बाकावरच्या लोखंडी व्हाईसवर छन्नीने कुणाची तरी आद्याक्षरं कोरलेली होती आणि ती सरांची नव्हती. विचारलं तर म्हणाले, "हा होय? हा एका मेकॅनिककडं पडून होता. त्याला आता हात चालत नाही. माझ्याकडं दोन ड्रिल मशिनी होत्या, त्यातली एक त्याच्या पोराला दिली, हा मी आणला. अदलाबदल नाही हो ती. पडून होतं म्हणून आणलं."

माझा विषय समोर बाकावर बोल्टने आवळलेला होता आणि मी डायरीत "नाही" लिहून निघालो होतो!

नंतर कळलं, हा व्यवहार सगळीकडे आहे, फक्त त्याला कुणी "अदलाबदल" म्हणत नाही. "देऊन टाकलं", "नेलं", "हातउसनं होतं, ते तिकडंच राहिलं", "भंगारात घालण्यापेक्षा न्या म्हटलं". आणि कारागीर घरातला माणूस "अवजार" म्हणत नाही, "हत्यार" म्हणतो. अवजार हा सरकारी अर्जातला आणि कृषी खात्याचा शब्द. माझ्या प्रश्नातले दोन्ही महत्त्वाचे शब्द परके होते.

गाईडसमोर हे सगळं मांडल्यावर त्यांनी एकच विचारलं, "हत्यार दुसऱ्याला देता येतं, हे कधीपासून?" मला प्रश्न बावळट वाटला. वस्तू आहे, देता येणारच की. घरी येऊन विचार करत बसलो तेव्हा कळलं की प्रबंध इथेच आहे.

जुन्या गावात हत्यार कुणाचं होतं, इथून सुरुवात करू. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' (१९१५) तुम्ही पेटच्या अभ्यासात वाचलंच असेल, निदान नाव तरी. बलुतेदारांच्या याद्या गावोगाव बदलतात, पण सुतार आणि लोहार बहुतेक प्रत्येक यादीत आहेत, कारण नांगर, कुळव, तिफण, गाडी यांच्याशिवाय शेती उभीच राहत नाही. शेतकरी वर्षभर मोडलेलं जू आणि बोथट फाळ घेऊन यायचा, पैसे द्यायचा नाही आणि सुगीला खळ्यावर धान्य द्यायचा. म्हणजे विकत होती ती वस्तू नव्हे, वर्षभराची सेवा. आणि ती सेवा करण्याचा हक्क म्हणजे वतन. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने १९७२ साली पेशवेकालीन कागदांवरून दाखवलं की महाराष्ट्रातले हे बलुतेदार एकेका कुटुंबाचे नव्हे तर सबंध गावाचे नोकर होते, आणि त्यांचं वतन वाटून घेता येत होतं, विकताही येत होतं. उत्तर भारतातल्या जजमानी पद्धतीचं वर्णन विल्यम वायझरने १९३६ साली केलं. तिचा साचा आपल्याकडे जसाच्या तसा लावू नका, हे फुकाझावाचं म्हणणं आहे. (व्हायव्हात हा फरक विचारतात. मला विचारला होता.)

गंमत बघा. सुताराचं वतन विकलं जाऊ शकत होतं, पण त्याचा वाकस बाजूला काढून विकण्यात काही अर्थ नव्हता. काम करण्याचा हक्कच नसेल तर नुसता वाकस घेऊन दुसरा करणार काय? हत्याराची किंमत हक्काला चिकटलेली होती.

तरी एक देवघेव तेव्हाही होती. वाकसाचं पातं लोहार घडवायचा. लोहाराच्या घणाचा दांडा आणि भात्याची लाकडी चौकट सुतार करायचा. बलुतेदार आपसात एकमेकांची कामं करून घ्यायचे, तिथे खळ्यावरचं धान्य मध्ये येत नसे. माझ्या मते हत्यारांच्या देवघेवीची सगळ्यात जुनी, टिकाऊ पद्धत हीच. पण ती काम करणाऱ्या हत्यारांची होती, पडून असलेल्यांची नव्हे. पडून राहायला हत्यार आधी रिकामं व्हावं लागतं.

इथे थांबून एक सांगायला हवं, कारण बलुत्यावर लिहिताना आपण फार लवकर हळवे होतो. "किती छान परस्परावलंबन" वगैरे. धाराशिवमध्ये बसून असं लिहिणं तर फारच अवघड, कारण याच जिल्ह्यात कसबे तडवळे इथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. तेव्हा हा मुलूख बहुतेक निजामाच्या राज्यात. बाबासाहेबांनी त्याआधीच, १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात महार वतनाबाबत विधेयक आणलं होतं. वतन म्हणजे मान नव्हे, वेठ, हे त्यांचं म्हणणं. दया पवारांच्या १९७८ सालच्या आत्मकथनाचं नावच 'बलुतं' आहे. तेव्हा सुतार-लोहाराची गोष्ट सांगताना त्याच खळ्यावर शेवटी उभा राहून हात पुढे करावा लागणारा माणूस विसरून चालणार नाही. कारागिराच्या हातात निदान हत्यार होतं. पण त्याच्या मुलाला दुसरं हत्यार उचलायची मुभा नव्हती, आणि दुसऱ्याच्या मुलाला त्याचं.

आता लोखंडाकडे येऊ. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला. सुरुवातीला शेतकरी घेईनात, लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे हा नांगर दख्खनभर गेला. आपल्याकडे उद्योगाच्या यशाची कथा म्हणून ती शिकवतात, ते ठीकच. सुताराच्या बाजूने वाचली तर वेगळी दिसते. लाकडी नांगर सगळाच्या सगळा गावात जन्मायचा, लाकूड गावचं, फाळ गावचा. लोखंडी नांगराचा सुटा भाग मात्र दुकानातून यायचा आणि दुकानदार बलुत्यावर माल देत नाही. गावाच्या हिशेबात रोख शिरली ती अशी फाळाच्या टोकाने.

हत्यारांवरही शिक्के दिसू लागले. करवत, कानस, रंध्याचं पातं कारखान्याचं, ठोकळा आणि मूठ गावची. सरांच्या शेडमधला एक रंधा असाच आहे, पातं विकतचं आणि ठोकळा शिसवीचा, वापरून डाव्या बाजूने जास्त झिजलेला. तो धरणारा माणूस बहुधा डावरा असणार. तो कोण, सरांना माहीत नाही. त्यांच्याकडे येण्याआधी तो दोन घरं फिरून आला होता.

उलट्या दिशेचा प्रवासही आहे. बाजाराच्या दिवशी घिसाडी कुटुंबं रस्त्याकडेला भट्टी लावून बसतात. नवरा सांडशीने लोखंड धरतो, बायको घण घालते. गिऱ्हाईक पुष्कळदा जुनं लोखंड घेऊनच येतं, खुरपं किंवा विळा करून घेतं आणि मजुरीचेच पैसे देतं. ट्रकचा मोडका कमानपाटा तर या मंडळींचं सोनं. त्याचं पोलाद चिवट असतं, धार धरतं. सोलापूर-हैदराबाद हायवेवर धावलेला पाटा नळदुर्ग-उमरग्याकडच्या एखाद्या घरात कोयता होऊन राहत असेल. इगोर कोपिटॉफने १९८६ साली वस्तूंच्या "चरित्रा"वर निबंध लिहिला, अर्जुन अप्पादुराईंनी संपादित केलेल्या 'द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज' या पुस्तकात. मूळ म्हणणं सोपं आहे. वस्तू कायम विक्रीची नसते आणि कायम बिनविक्रीचीही नसते, ती आयुष्यात या दोन अवस्थांतून ये-जा करते. मला तो निबंध लायब्ररीत कळला नव्हता, घिसाड्याच्या भट्टीपाशी कळला.

मग हत्यारं रिकामी कधी झाली? उत्तर एका वर्षात बसत नाही, तरी दोन जागा अशा आहेत जिथे मुलाखतीत माणसं स्वतःहून थांबतात.

पहिली १९७२. दुष्काळ. बलुतं सुगीवर अवलंबून, आणि सुगीच नाही तर खळं कसलं. रोजगार हमीची कामं निघाली आणि शेतकरी, मजूर, कारागीर सगळे एकाच रांगेत खडी फोडायला बसले. "तवा आमच्या आज्यानं वाकस माळ्यावर टाकला आन् सुत्की घेतली," असं एका मामांनी सांगितलं. दुष्काळ संपल्यावर माळ्यावरचा वाकस खाली आला का, असं विचारलं. "आला की. पण मग धान्य कुनी दिईना, पैशे देत्याल म्हनले." त्यांच्या घरापुरतं बलुतं तिथेच संपलं होतं, कुठल्याही कायद्याशिवाय.

दुसरी जागा ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. आपल्या जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची गावं उद्ध्वस्त झाली. या भागातली घरं माळवदाची. दगड-मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, वर मातीचं जड धाबं. भिंती कोसळल्या आणि त्यांनी माणसं मारली. बऱ्याच ठिकाणी सुताराने उभा केलेला लाकडी सांगाडा मात्र उभा राहिलेला दिसला. इंजिनिअरांच्या अहवालांत ही नोंद आहे. पण घाबरलेल्या माणसाला असा फरक समजावून सांगता येत नाही, आणि सांगायची ती वेळही नव्हती. दोन्ही जिल्ह्यांतल्या बावन्न गावांचं पूर्ण पुनर्वसन झालं आणि नवी वस्ती उभी राहिली ती सिमेंट-काँक्रीटची. त्यात खांब नाही, तुळई नाही, कोरीव दाराची चौकट नाही. ज्याच्या कामाने माणसं वाचवली त्याचंच काम गेलं. या वाक्यावर मी अजून अडकतो, प्रकरण तीनचा ड्राफ्ट इथेच थांबलाय.

ट्रॅक्टर, प्लायवूड, तयार दारं यांच्यावर वेगळं लिहीत नाही, ते तुम्हाला घरबसल्या दिसतं.

तर अशी माळ्यावर, पलंगाखाली, गोठ्यात पडलेली हत्यारं. पुढे त्यांचं दोनपैकी एक होतं. बहुतेक भंगारात जातात. भंगारवाला किलोवर घेतो आणि किलोच्या भावात आजोबांचा वाकस आणि मोडकी सायकल सारखीच. थोडी मोठ्या बाजारांत पोचतात. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे पितळी मुठींची गिरमिटं आता शोभेची वस्तू म्हणून विकली जातात. आणि उरलेली, फार थोडी, सरांसारख्यांच्या हातात येतात.

हे "सरांसारखे" कोण, हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. निवृत्त शिक्षक, एसटीच्या वर्कशॉपमधून बाहेर पडलेला मेकॅनिक, आयटीआय केलेला फिटर, एक कापड दुकानदार, एक बँकेतला. पोटासाठी लाकूडकाम करणारा यांत एकही नाही. म्हणजे ज्याला आपण छंद म्हणतो तो. स्टीव्हन गेल्बरने १९९९ साली अमेरिकेतल्या छंदांचा इतिहास लिहिला. त्यात तो दाखवतो की छंद म्हणजे कामाचीच मूल्यं सुट्टीच्या वेळात घरी आणणं. आपल्याकडे या वाक्याला आणखी एक टोक आहे. सरांचे आजोबा रंधा चालवायला बसले असते तर गावाने विचारलं असतं, "हे कशाला सुताराचं काम?" आणि सुतारानेही विचारलं असतं, "माझ्या पोटावर का येतोस?" दोन्ही प्रश्न आज कुणी विचारत नाही. ऐतिहासिक घटना ही आहे. हत्यार हक्कापासून सुटलं, जातीच्या कामापासून सैल झालं, तेव्हाच ते शिक्षकाकडून मेकॅनिककडे आणि मेकॅनिककडून दुकानदाराकडे जाऊ लागलं. आणि ते सुटलं ते कारागिराचं काम बसल्यामुळे. एकाची मोकळीक आणि दुसऱ्याची बेकारी एकाच खिळ्याला टांगलेली आहे. यातलं फक्त एकच लिहिलं तर प्रबंध खोटा होईल.

या मंडळींचे व्यवहाराचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण आहेत. किंमत बोलायची नाही. आधी नेऊन वापरून बघायचं, आठ-पंधरा दिवसांनी सांगायचं. बदल्यात लगेच काही द्यायचं नाही, तो हिशेब चुकता केल्यासारखा दिसतो. पातं पाजवूनच परत करायचं. आणि कुणाच्या वडिलांचं हत्यार असेल तर खंडेनवमीच्या आधी मागायचं नाही, त्या दिवशी ते पूजेला लागतं. ॲडम स्मिथने १७७६ साली लिहिलं की पैसा येण्याआधी माणसं वस्तूंची अदलाबदल करत. मानववंशशास्त्रज्ञांनी, कॅरोलिन हम्फ्रीपासून डेव्हिड ग्रेबरपर्यंत, ते खोडून काढलं. ओळखीच्या माणसांत बहुतेक उधार चालतं, रोकडा वस्तुविनिमय नव्हे. सरांचं "अदलाबदल नाही हो ती" हे वाक्य ग्रेबरच्या जाडजूड पुस्तकाइतकंच बरोबर होतं. मला ते उत्तर ऐकू आलं नाही, एवढंच.

बाहेरच्या जगातही रिकाम्या हत्यारांचं लोकांनी बरंच काही केलंय. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेली 'टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स' ही संस्था जुनी हत्यारं गोळा करून, दुरुस्त करून आफ्रिकेतल्या कारागिरांना पाठवते. म्हणजे छंदवाल्याकडून कारागिराकडे. आपल्याकडे प्रवाह उलटा आहे, कारागिराकडून छंदवाल्याकडे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांतल्या कारागिरांना पंधरा हजार रुपयांपर्यंतचं टूलकिट आहे, सुतार-लोहार त्यात आहेतच. योजना चांगली की वाईट यावर इथे बोलत नाही. माझ्यासारख्याला त्यात एवढंच दिसतं की शंभर वर्षांनी हत्यार पुन्हा व्यवसायाच्या नावावर दिलं जातंय. यावर कुणीतरी एम.फिल.च्या आकाराचं काम करायला हवं. करा, मी माझ्या नोंदी देईन.

पद्धतीबद्दल थोडं, कारण तुमच्यापैकी अनेकांनी तेच विचारलंय. मी प्रश्नावली सोडली. आता प्रत्येक हत्याराची एक पानभर नोंद करतो. स्थानिक नाव, कुठला भाग कारखान्याचा आणि कुठला हाताचा, दांड्याचं लाकूड, झीज कुठल्या बाजूला, कोरलेली अक्षरं, आत्तापर्यंत कुणाकुणाकडे होतं. विचारायचं फक्त एवढंच, "हे तुमच्याकडं कसं आलं?" पुढचं माणूस बोलतं. तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट प्रसिद्ध आहे, कलेच्या इतिहासात ती येते. ती ज्या पटाश्यांनी कोरली त्या कुठे आहेत? केलेलं काम टिकतं, करणारं हत्यार झिजून संपतं किंवा वितळून दुसरं काहीतरी होतं. म्हणून जे आज खिळ्याला टांगलेलं आहे त्याची नोंद आजच करावी लागते. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत ते जाईल.

आणि एक अडचण, जिचं उत्तर पुस्तकात मिळालं नाही. ज्या मामांनी १९७२ ची गोष्ट सांगितली, त्यांनी निघताना आज्याची एक पटाशी माझ्या हातात ठेवली. संशोधकाने माहिती देणाऱ्याकडून वस्तू घ्यायची नाही, असं आम्हाला कोर्सवर्कमध्ये पढवलेलं. मी म्हटलं, "नको मामा, नियमात बसत नाही." त्यांचा चेहरा पडला. "नियम कसला? पडूनच हाय की. तुमी तिचं नाव तरी लिवता. माझी पोरं किलोवर घालत्याल."

गाईडशी बोललो. त्या म्हणाल्या, घे, पण कशी घेतलीस ते प्रबंधात लिही. म्हणून पुढच्या खेपेला गेलो तेव्हा घेतली आणि सोबत नेलेला ड्रिलच्या बिटांचा संच त्यांच्या पुढ्यात ठेवला. मामांनी डबा उघडला, एकेक बीट उजेडात धरून पाहिलं आणि डबा परत माझ्याकडे सरकवला. "आत्ता नगं. लगी लगी दिलं म्हंजी दुकान झालं. तुमचं पुस्तक झालं की या, तवा बगू."

पटाशी आत्ता माझ्या टेबलावर आहे. मूठ बाभळीची, वरचं टोक मोगरीच्या मारांनी फुललेलं, पात्याची रुंदी अठरा मिलिमीटर, शिक्का नाही. नोंदीतला "सध्या कुणाकडे" हा रकाना मी पेन्सिलीने भरलाय.